वृक्षोद्यानाच्या विश्वस्तांना खुले पत्र : संचालकांचा पत्रव्यवहार रद्दीत जाऊ देऊ नका

प्रति,
माननीय अध्यक्ष, कार्यवाह आणि सर्व विश्वस्त,

सप्रेम नमस्कार विनंती विशेष.

आपल्या वृक्षोद्यानाच्या कार्यालयात मी १९८५ ते २०१९ अशी चौतीस वर्षे नोकरी केली. टंकलेखिका म्हणून रुजू झाले आणि कार्यालय अधीक्षक म्हणून निवृत्त झाले. पहिल्या संचालकांच्या हाताखाली काम करण्याचा योग आला नाही, पण त्यांच्या पत्रांच्या स्थळप्रती, म्हणजे कार्यालयात राहणाऱ्या प्रती, लावण्याचे काम माझ्याकडेच आले. दुसऱ्या संचालकांची बहुतेक सगळी पत्रे मी टंकली आहेत, आणि तिसऱ्या संचालक मॅडमच्या काळात आवक-जावक माझ्याच टेबलावरून होत असे. या कागदांशी माझा एवढा संबंध आला असल्यामुळेच हे पत्र लिहिण्याचे धाडस करत आहे. ते खुले ठेवण्याचे कारण इतकेच की उद्यान विश्वस्तांचे असले तरी त्यासाठी जमिनी, बिया, पाणी आणि श्रम या किनाऱ्यावरच्या अनेक गावांनी दिलेले आहेत आणि या विषयात त्यांनाही बोलण्याचा अधिकार आहे.

मंडळाच्या मागील सभेत कार्यालयाची मागची खोली पर्यटकांच्या माहिती केंद्रासाठी मोकळी करण्याचा आणि तेथील पाच कपाटांतील ‘जुना व निरुपयोगी पत्रव्यवहार’ निंदणी करून रद्दीत देण्याचा ठराव झाल्याचे मला कळले. गेल्या आठवड्यात मी उद्यानात गेले तेव्हा ती पाचही कपाटे पश्चिमेकडच्या पडवीत काढून ठेवलेली पाहिली. दोन कपाटांची दारे नीट लागलेली नव्हती. आगोटीची कामे गावोगाव सुरू झाली आहेत, मृग आठ-दहा दिवसांवर आला आहे, आणि समुद्राकडून येणाऱ्या पहिल्याच सरीत ती पडवी भिंतीपर्यंत भिजते हे तेथे एक पावसाळा काढलेल्या कोणालाही ठाऊक आहे. रद्दीवाल्याची गाडी येण्याआधीच पाऊस आपले काम करून जाईल, म्हणून माझी विनंती आधीच सांगते : ठरावाचा निंदणीचा भाग स्थगित करावा आणि कपाटे या आठवड्यातच कोरड्या जागी हलवावीत. बाकीचे या विनंतीचे कारण आहे.

‘निंदणी’ हा शब्द आपल्या कार्यालयात सरकारी कचेऱ्यांतून आला. तेथे अभिलेखांचे अ, ब, क, ड असे वर्ग करतात, ‘अ’ वर्गातले कागद कायम ठेवतात, बाकीचे ठरलेल्या मुदतीनंतर काढून टाकतात, आणि या काढून टाकण्याला निंदणी म्हणतात. शब्द शेतातला आहे. आपल्याकडे रत्नागिरीत आपण बेणणी म्हणतो. भात बेणणारी बाई रोप आणि तण यांतला फरक बोटांनी ओळखते, आणि जिला तो ओळखता येत नाही तिला कोणी खाचरात उतरवत नाही. पाच कपाटांतला एकही कागद न वाचता सगळा उपटून बांधावर टाकायचा, याला बेणणी म्हणता येणार नाही. सरकारी नियमातही वर्गवारी आधी आणि निंदणी नंतर असा क्रम आहे. आपण वर्गवारी केलेलीच नाही.

या कपाटांत काय आहे याची कल्पना बहुतेक विश्वस्तांना नसावी, आणि त्यात त्यांचा दोष नाही, कारण ती खोली वर्षानुवर्षे बंद असे. एक फाइल उघडून दाखवते. पहिल्या संचालकांच्या काळातली आहे, वर निळ्या पेन्सिलीने फक्त ‘पाणी’ एवढेच लिहिले आहे. आतले कागद पातळ, कार्बनची निळी अक्षरे पसरलेली, टाचण्या गंजून कागदावर तपकिरी रेघ उमटलेली. त्यातले एक पत्र उद्यानाच्या पूर्वेकडील वाडीच्या गावकऱ्यांना आहे. उद्यानाला उन्हाळ्यात पाणी पुरत नाही, वाडीच्या वरच्या अंगाला पऱ्यावर (ओढ्यावर) दगडी बंधारा घालू द्यावा, त्याबदल्यात दरवर्षी वाडीला आंब्याची कलमे देऊ, असा मजकूर आहे. त्यालाच टाचलेले उत्तर शाळेच्या वहीच्या पानावर आहे. बंधारा घाला, पण खालच्या अंगाला गुरांना पाण्यापर्यंत उतरायला वाट ठेवा आणि ती कधी बुजवू नका, एवढेच त्यात म्हटले आहे. खाली सहा सह्या आणि तीन अंगठे आहेत.

ती वाट आजही आहे. मागच्या वर्षी बंधाऱ्याच्या दुरुस्तीचे काम निघाले तेव्हा आराखड्यात ती वाट काँक्रीटने बंद करून तेथे बसायला कट्टा दाखवला होता. ती वाट तेथे का आहे हे कार्यालयात कोणालाच माहीत नव्हते. वाडीतल्या एका वयस्कर गृहस्थांनी हरकत घेतली, तेव्हा त्यांच्याकडे पुरावा मागण्यात आला. पुरावा उद्यानाच्याच कपाटात होता. मला फोन आला, मी फाइल सांगितली, आणि कट्टा रद्द झाला. तो कागद नसता तर आपण दिलेला शब्द आपणच मोडला असता, आणि तो मोडला हे आपल्याला कळलेही नसते.

वृक्षोद्यानाचा रोजचा कारभार अशाच कागदांतून चालतो. वार्षिक अहवालात किती रोपे लावली हे असते. त्यातली किती मेली आणि का मेली हे फक्त पत्रांत असते. उद्यानाचा निम्मा भाग कातळाचा आहे. सुरुवातीच्या वर्षांत तेथे पहारीने खड्डे फोडून, खालच्या मळ्यातली माती आणून झाडे लावली, आणि पहिल्याच पावसाळ्यात त्यातली बरीच कुजली, कारण जांभ्याच्या सलग थरात खोदलेला खड्डा पावसात हौदासारखा भरून राहतो आणि मुळांना हवा मिळत नाही. पहिल्या संचालकांनी त्या पावसाळ्यात मुकादमांना आणि एका ज्येष्ठ वनस्पतितज्ज्ञांना लिहिलेल्या पत्रांतून हा शोध टप्प्याटप्प्याने दिसतो : आधी वाळवीवर संशय, मग खतावर, मग एक मेलेले रोप उपटून पाहिल्यावर काळी पडलेली मुळे, आणि शेवटी ‘यापुढे प्रत्येक खड्ड्याच्या उताराकडील अंगाला पाण्यास वाट फोडून मगच रोप लावावे’ अशी स्पष्ट सूचना. आज आपले माळी हे न सांगता करतात. पण मागे एकदा बाहेरच्या ठेकेदाराकडून वरच्या सड्यावर लागवड करून घेतली तेव्हा ही सूचना कोणी त्याला दिली नाही, आणि ती लागवड त्याच कारणाने गेली.

अशी पत्रे रोज सकाळी लिहिली जात. दुसरे संचालक सात वाजता फेरीला निघत आणि नऊच्या सुमारास चिखलाचे बूट दाराबाहेर काढून माझ्यासमोर येऊन बसत. फेरीत जे दिसले त्याची पत्रे लगेच सांगत. दक्षिणेचा गडगा दोन ठिकाणी ढासळला आहे, चिरे मागवावेत. जाळरेषा पौषातच साफ करून घ्यावी, मागच्या साली शिमग्यापर्यंत राहिली आणि वणवा आत आला. सुरंगीची फुले कळीतच उतरवायला माणसे येतात, त्यांना मज्जाव न करता कोणत्या झाडांवर चढावे आणि कोणत्या नाही हे ठरवून द्यावे, म्हणजे बीही मिळेल आणि गजरेही होतील. रोजंदारीची रक्कम सणाच्या आधी हाती पडली पाहिजे, याबद्दलची त्यांची पत्रे तर मी इतक्यांदा टंकली आहेत की मजकूर पाठ झाला होता. त्यांची वाक्ये लांब असत, आणि टंकून झालेल्या कागदावरही ते शाईने दुरुस्त्या करत, म्हणून त्यांच्या स्थळप्रती वाचताना विचार कोठे बदलला तेही दिसते.

समुद्राच्या बाजूच्या वाऱ्याच्या आडोशाबद्दल त्यांनी वन खात्यातील एका परिचितांशी दीर्घ पत्रव्यवहार केला होता. सुरू ही झाडाची जात लवकर वाढते म्हणून सगळीकडे तीच लावली जाते, पण वाळूत तिची मुळे उथळ राहतात, म्हणून तिच्या मागे उंडी, भेंड आणि करंज यांची दाट रांग हवी, असे त्यांचे म्हणणे होते आणि ते त्यांनी अंमलातही आणले. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आदळले तेव्हा दापोली आणि मंडणगडच्या बागांचे काय झाले ते आपण सर्वांनी पाहिले आहे. आपल्या उद्यानातल्या सुरूची पुढची रांग जवळपास सगळी आडवी झाली. उंडीची रांग फांद्या मोडून का होईना, उभी राहिली. पुन्हा लागवड करताना काय लावावे हा प्रश्न मंडळापुढे आजही आहे, आणि त्याचा निम्मा विचार त्या फाइलमध्ये करून ठेवलेला आहे.

त्याच वादळानंतर घडलेली आणखी एक गोष्ट सांगणे मला भाग आहे, कारण या पत्रव्यवहाराचे मोल मला स्वतःला तेव्हाच पुरते कळले.

खालच्या ओलसर भागात आपल्याकडे रानजायफळाची तीन झाडे होती. वादळात त्यातली दोन पडली, तिन्हींच्या पाट्या कोठे उडाल्या ते सापडले नाही. पुढे उरलेल्या झाडाला फळे धरली तेव्हा ते बी ‘कोकणातले स्थानिक रानजायफळ’ म्हणून दोन ठिकाणी लागवडीसाठी पाठवण्याचे ठरले. हेतू उत्तम होता. दोडामार्ग तालुक्यातील हेवाळे-बांबर्डे येथील रानजायफळाच्या दलदलीला जैवविविधता वारसा स्थळ म्हणून मान्यता मिळाल्यापासून या जातींकडे लोकांचे लक्ष गेले आहे, आणि मागणी खरी आहे. मला केवळ पाकिटांवरची लेबले नीट लिहून देण्यासाठी बोलावले होते. झाडांच्या नोंदवहीत ‘रानजायफळ, नग ३’ एवढीच नोंद होती आणि वर्ष होते. मी बारनिशीच्या, म्हणजे आवक-जावक टपालाच्या नोंदीच्या, वहीत त्या वर्षाची आवक पाहिली आणि त्यावरून फाइल काढली. त्यात दोन वेगळी पत्रे निघाली. एकासोबत सिंधुदुर्गातल्या एका देवराईतून आणलेली दोन रोपे आली होती. दुसऱ्यासोबत केरळमधून, तेथील एका उद्यानाने भेट म्हणून पाठवलेले एक. पोच पाठवताना संचालकांनी कोणते रोप कोठे लावले तेही लिहिले होते : सिंधुदुर्गची दोन वाटेच्या डावीकडे, केरळचे उजवीकडे, विहिरीजवळ. उभे राहिलेले झाड विहिरीजवळचे होते.

पाकिटे पाठवायची थांबली. झाड केरळचे आहे म्हणून ते कमी मोलाचे ठरत नाही, पण ते कोकणचे म्हणून कोकणच्या रानात लावणे ही चूक झाली असती, आणि एकदा झालेली ती चूक पुढच्या पन्नास वर्षांत कोणाला काढता आली नसती. त्या सिंधुदुर्गच्या पाकिटात पत्राबरोबर एक सुकलेले पानही होते. पान कधीच चुरा होऊन गेले होते, पण कागदावर त्याचा तपकिरी आकार शिरांसकट उमटलेला होता. पत्राच्या शेवटी, ही झाडे दाखवण्यासाठी देवराईत सोबत आलेल्या माणसाचे नाव, त्याचे गाव आणि त्याने त्या झाडाला वापरलेला स्थानिक शब्द लिहिलेला होता. हे नाव उद्यानात दुसरीकडे कोठेही नाही. पाटीवर वनस्पतीचे लॅटिन नाव असते आणि देणगीदाराचे नाव असते. ज्याला ते झाड रानात कोठे आहे हे ठाऊक होते, त्याचे नाव पत्रात असते.

‘सगळी माहिती आता संगणकावर आहे’ असे सभेत सांगितले गेल्याचे समजते. संगणकावरची यादी कशी झाली हे मला माहीत आहे, कारण ती करण्यात माझाही हात होता. ती नोंदवहीवरून उतरवली. तिच्यात झाडाचा क्रमांक, नाव, लागवडीचे वर्ष आणि भाग असे चार रकाने आहेत. बी कोठून आले, कोणी दिले, कोणत्या अटीवर दिले, बरोबर आणखी कोणती रोपे होती आणि त्यांचे काय झाले, यासाठी रकाना नाही. तो तेव्हाच ठेवायला हवा होता, ही चूक माझीही आहे. पण रकाना आजही वाढवता येतो, अट इतकीच की त्यात भरायची माहिती ज्या कागदांवर आहे ते कागद उरले पाहिजेत. उद्यानात आमसुलासाठी लावलेली रातांब्याची झाडे आहेत. बियांपासून वाढलेल्या रातांब्यात निम्म्याच्या आसपास झाडे नर निघतात आणि मोहोर येईपर्यंत सात-आठ वर्षे ते कळत नाही, म्हणून दुसऱ्या संचालकांनी पाऊस पडण्याआधी पिकणाऱ्या मोजक्या मादी झाडांच्या काड्या शोधून कलमे करवली होती. ती मूळ झाडे कोणाच्या परड्यात होती हे सगळे पत्रांत आहे. यादीत ‘कोकम, कलमी’ असे आहे.

जगात ज्या वृक्षोद्यानांकडे आदर्श म्हणून बोट दाखवले जाते, त्यांनी हे कागद झाडांइतकेच जपले आहेत. अमेरिकेत बॉस्टन येथे हार्वर्ड विद्यापीठाचे आर्नल्ड आर्बोरेटम १८७२ मध्ये स्थापन झाले. चार्ल्स स्प्रेग सार्जंट हे त्याचे पहिले संचालक १८७३ पासून १९२७ मध्ये निधन होईपर्यंत त्या पदावर राहिले. १८८२ मध्ये बॉस्टन शहराशी झालेल्या करारानुसार ती जमीन विद्यापीठाकडे हजार वर्षांच्या भाडेपट्ट्याने आहे. हजार वर्षांचा विचार करून लावलेले झाड ज्या संस्थेत आहे, तिला त्या झाडाचा कागद पन्नास वर्षांत जुना झाला असे वाटत नाही.

याच संस्थेची एक हकिगत मला नेहमी आठवते. मेटासिक्वोया हा वृक्ष आधी केवळ जीवाश्मांवरून माहीत झाला आणि १९४१ मध्ये एका जपानी शास्त्रज्ञाने त्याला हे नाव दिले. त्यानंतर काही वर्षांतच चीनमध्ये तो जिवंत उभा असल्याचे आढळले. एल्मर मेरिल हे त्या वृक्षोद्यानाचे माजी संचालक. चिनी वनस्पतितज्ज्ञांशी त्यांचा जुना पत्रव्यवहार होता, त्यातूनच त्यांना ही बातमी कळली आणि त्यांनी बी गोळा करण्यासाठी २५० डॉलर पाठवले. १९४८ च्या जानेवारीत बी बॉस्टनला पोचले आणि तेथून ते अनेक देशांतील उद्यानांना पाकिटांतून वाटले गेले. आज त्या देशांत उभ्या असलेल्या जुन्या मेटासिक्वोयांचा माग लागतो तो या पत्रांमुळे आणि पाकिटांच्या नोंदींमुळे. आपले २५० डॉलर म्हणजे पूर्वी हर्णै बंदरात बोटीने उतरलेल्या रोपांच्या खोक्याची हमाली आणि एसटीच्या टपावरून पाठवलेल्या टोपल्या. आकार लहान आहे, काम तेच आहे.

लंडनजवळच्या क्यू येथील उद्यानाने १८४१ पासूनचा आपल्या संचालकांचा पत्रव्यवहार दोनशेहून अधिक खंडांत बांधून ठेवला आहे, आणि भारतातून तेथे गेलेली पत्रेही त्यात आहेत. म्हणजे आपल्याकडून कोणी काय लिहिले हे वाचायला परदेशी जावे लागते आणि इकडची बाजू आपल्याकडे बहुधा राहिलेली नसते. याचे जवळचे उदाहरण पुण्याजवळच्या दापोडीच्या बागेचे आहे. ती १८२८ मध्ये सुरू झाली. अलेक्झांडर गिब्सन हे तिचे अधीक्षक पुढे १८४७ मध्ये मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक झाले, आणि दक्षिण कोकणातील रानतोडीमुळे झरे आटत असल्याचे त्यांनी त्याच दशकात सरकारला लिहून कळवले होते. गिब्सन यांनी बागेतल्या वनस्पतींची सुंदर चित्रे काढून घेतली होती. ती चित्रे आज एडिंबराच्या उद्यानात आहेत. ज्या चित्रकाराने ती काढली त्याचे नाव मात्र कोणालाही सांगता येत नाही. कोठेतरी, कधीतरी, एखाद्या पगारपत्रकावर ते नाव असणारच. आपल्या पाच कपाटांत अशी किती नावे आहेत याचा विचार करावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

विश्वस्तांच्या काही अडचणी खऱ्या आहेत. या फाइलींत कर्मचाऱ्यांच्या तक्रारी आहेत, कोणाच्या आजारपणाचे, कोणाच्या कर्जाचे अर्ज आहेत, एका जमिनीच्या वादाची कटू पत्रे आहेत. ही सगळ्यांच्या हाती जाऊ नयेत हे मला मान्य आहे. त्यांची वेगळी बांधणी करून ठरावीक वर्षे ती बंद ठेवता येतील. देवरायांमधल्या दुर्मीळ झाडांचे नेमके ठिकाण सांगणारी पत्रेही अशीच जपून ठेवावी लागतील, कारण त्या माहितीचा दुरुपयोग होऊ शकतो. आणि सगळेच कागद ठेवावेत असे माझेही म्हणणे नाही. टपाल तिकिटांचे हिशेब, किराणा दुकानाच्या पावत्या, सभेच्या चहापाण्याची बिले यांनी एक अख्खे कपाट भरलेले आहे. ते मी स्वतः एका दिवसात रिकामे करून देईन. माझी हरकत न वाचता टाकण्याला आहे.

तिसऱ्या संचालक मॅडमच्या काळापासून कागद कमी झाले आणि फोन वाढला. गेल्या काही वर्षांत तर कोणते रोप कोठून आले हे व्हॉट्सॲपवर ठरते आणि फोन बदलला की ते जाते. त्याबद्दल मंडळाने एक साधा नियम केला तरी पुरे आहे : झाड आत येताना त्याच्यासोबत एक पानाचे पत्र आलेच पाहिजे, आणि त्याचा जावक-आवक क्रमांक झाडाच्या पाटीच्या मागच्या बाजूला कोरला पाहिजे.

माहिती केंद्राला माझा विरोध नाही. उलट मला वाटते की या पत्रांपैकी दहा-बारा त्या केंद्राच्या भिंतीवर काचेत लावली, वाडीच्या गावकऱ्यांचे ते वहीचे पान त्यात सर्वांत आधी लावले, तर बाहेरून आलेल्या पाहुण्यांना हे उद्यान कसे उभे राहिले ते कोणत्याही रंगीत फलकापेक्षा जास्त कळेल. मूळ कागद उन्हात नकोत, त्यांच्या नकला लावाव्यात. कपाटांसाठी फार मोठी जागा लागणार नाही. बीभांडाराच्या वरच्या माळ्याची खोली कोरडी आहे, तेथे पूर्वेकडून वारा येतो आणि वाळवी अजून पोचलेली नाही. तळाला विटा देऊन कपाटे जमिनीपासून वीतभर उंच ठेवावीत, भिंतीला टेकवू नयेत.

वर्गवारीच्या कामासाठी आठवड्यातून दोन दिवस, मंगळवारी आणि शुक्रवारी, मी येऊन बसेन. त्याचे मानधन मला नको. सोबत एखादा तरुण कर्मचारी किंवा महाविद्यालयातला विद्यार्थी द्यावा, कारण दुसऱ्या संचालकांचे हस्ताक्षर वाचता येणारी आता मी एकटीच उरले आहे आणि ते कोणाला तरी शिकवून ठेवले पाहिजे. पावसाळ्याच्या चार महिन्यांत, बाहेरची कामे मंदावलेली असताना, पाचही कपाटांची यादी होऊ शकेल असा माझा अंदाज आहे. दिवाळीनंतरच्या सभेत ती मंडळापुढे ठेवू, आणि काय ठेवायचे व काय काढायचे ते मग मंडळानेच ठरवावे.

तूर्त एवढे तरी करावे. पडवीत ठेवलेल्यांपैकी दाराजवळून तिसऱ्या कपाटात बारनिशीच्या वह्या आहेत. वर्ष आणि क्रमांक घेऊन कोणतीही फाइल शोधायची तर त्या वह्यांवाचून मार्ग नाही, म्हणून ते कपाट सर्वांत आधी आत घ्यावे. त्याचे कुलूप अडते. चावी फिरवताना उजवे दार किंचित वर उचलावे लागते, मग ते उघडते.

आपली नम्र,
उद्यानाची एक निवृत्त कार्यालय अधीक्षक